चादरीत गुंडाळलेला बर्फ : उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांसोबत करायचे बर्फाचे खेळ

एप्रिल लागला की सोलापुरात सकाळी दहा-अकरानंतर पोरांना बाहेर सोडायची सोय राहत नाही. पारा ४२-४३ अंशांवर जातो, अंगणातली फरशी चटके देते आणि दुपारभर घरात कोंडलेली मुलं मोबाइलवरून एकमेकांशी भांडत बसतात. आमच्या पूर्व भागातल्या गल्लीत मी गेली काही वर्षं सुट्टीत आजूबाजूची आठ-दहा मुलं गोळा करून बर्फाचे खेळ घेते. निम्म्या घरांत तेलुगू बोलतात, दोन-तीन घरांत कन्नड. पण हातावर बर्फाचा खडा ठेवला की सगळ्यांच्या तोंडून एकच चीत्कार निघतो.

यंदा दोघी-तिघींनी विचारलं, आम्हालाही आमच्या मुलांसोबत करायचंय, सुरुवात कशी करायची? त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या नवख्या आई-बाबांसाठी, काका-मावश्यांसाठी हे लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. मुलांना उत्तर आधी सांगू नका. पहिल्या वर्षी मी दर खेळाआधी पाच मिनिटं समजावून सांगायचे: मिठाने बर्फ का वितळतो, बर्फ पाण्यावर का तरंगतो. मुलं मान डोलवायची आणि तिसऱ्या मिनिटाला खिडकीबाहेर बघायला लागायची. दुसऱ्या वर्षापासून मी आधी पैज लावून घेते. “कुठला बर्फ आधी वितळेल? बोला.” प्रत्येकाने आपलं मत वहीत लिहायचं, पुढे सही करायची, मग खेळ सुरू. एकदा सही झाली की पोरं हलत नाहीत. आणि गंमत अशी की बर्फाच्या बाबतीत मुलांचा (आणि मोठ्यांचाही) पहिला अंदाज पुष्कळदा चुकतो. ती चूकच आपल्याला हवी असते.

आदल्या रात्रीची तयारी

वेगळं सामान आणू नका. एक मोठी परात किंवा टब, दोन-तीन सारख्या मापाचे प्लास्टिकचे डबे, स्टीलचे पेले, चमचे, औषधाच्या बाटलीबरोबर येणारं मापाचं झाकण, सुई नसलेली एखादी सिरिंज, खडेमीठ, साधं मीठ, हळद, बीटाचं पाणी, जाड दोरा आणि एक जुनी चादर. हे सगळं घरात असतंच.

बर्फ मात्र आदल्या दिवशीच लावावा लागतो. साध्या एका दाराच्या फ्रीजमध्ये ट्रेमधले खडे चार-पाच तासांत होतात, पण लिटरभराच्या डब्यातलं पाणी आतपर्यंत गोठायला पूर्ण रात्र लागते, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. रात्री लाइट गेली तर सकाळी वर पापुद्रा आणि आत पाणी असा प्रकार हाती येतो. म्हणून मोठे गोळे दोन रात्री आधी लावा. फ्रीज कमी वेळा उघडा. मुलांना सांगा की आतला बर्फ “झोपलाय”, दर तासाला दार उघडून बघायचं नाही.

काचेची बाटली किंवा बरणी फ्रीझरमध्ये कधीच ठेवू नका. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं आणि काच तडकते. याचाच एक छोटा खेळ होतो: सरळ उभ्या भिंतीच्या प्लास्टिकच्या पेल्यात पाणी घ्या, पातळीवर मार्करने रेघ मारा, सकाळी बघा. दहा सेंटिमीटर पाण्याचा बर्फ रेघेच्या वर जवळपास सेंटिमीटरभर चढलेला असतो, मधोमध फुगवटाही असतो. पाण्याचे कण गोठताना ऐसपैस जागा धरून, षटकोनी रचनेत बसतात, म्हणून जागा जास्त लागते. पाणी तेवढंच, जागा जास्त, म्हणजे बर्फ पाण्यापेक्षा हलका. म्हणूनच तो तरंगतो.

पाणी पिण्याचंच वापरा. कितीही सांगितलं तरी मुलं खडा तोंडात घालणार. कारखान्यातली लादी स्वस्तात मिळते, मोठी असते, पण ती बहुतेक वेळा खाण्यासाठी नसते. न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालण्याचा नियम २०१८ पासून आहे. निळसर लादी दिसली तर तिचा अर्थ मुलांनाही सांगून ठेवा.

बोअरच्या पाण्याचा एक खडा मुद्दाम करा आणि उकळून गार केलेल्या नळाच्या पाण्याचा एक. शेजारी ठेवून उजेडात धरा. बोअरचा खडा मध्यभागी पांढरा दिसतो. पाणी बाहेरून आत गोठत जातं आणि विरघळलेले क्षार, हवा आत ढकलत नेतं. शेवटी सगळं मधे कोंडलं जातं. तो खडा पेल्यात वितळू द्या, तळाशी पांढरे कण उरतात. आमच्या गल्लीतल्या एका पोरीने ते बघून थेट घरातल्या बादलीच्या कडेचा पांढरा थर आठवला. तो मी दाखवला नव्हता.

सांभाळायच्या गोष्टी

फ्रीझरमधून काढलेला बर्फ लगेच हातात देऊ नका. तो उणे १५-१८ अंशांचा असतो, ओल्या बोटांना आणि जिभेला चिकटतो. पाच मिनिटं बाहेर ठेवा. वरचा पांढुरका थर जाऊन तो ओला चकचकीत झाला की द्या.

चार वर्षांखालच्या मुलांना छोटे खडे नकोत, घशात अडकतात. त्यांच्यासाठी वाटीएवढा किंवा त्याहून मोठा गोळा.

बर्फ आणि मीठ एकत्र असताना ते अंगाला लावायचं नाही. मोठी मुलं पैज म्हणून हातावर मीठ टाकून वर बर्फ दाबतात, ते मी स्वतः पाहिलंय. या मिश्रणाचं तापमान शून्याच्या बरंच खाली जातं आणि कातडीला भाजल्यासारखी इजा होते. या एका बाबतीत मी आधी समजावते, पैज नाही, सवलत नाही. मिठाच्या खेळात हात घालायचा नाही, चमचा घालायचा.

शहाबादी फरशी ओली झाली की घसरते, म्हणून खाली जुनं गोणपाट अंथरा. आणि वेळ सकाळी साडेसात ते नऊ, नाहीतर संध्याकाळी साडेपाचनंतर. दुपारी करायचं तर खोलीत, उन्हात नाही.

पाण्याचं आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, नळ रोज येत नाही. परातीतलं साधं पाणी तुळशीला, कुंड्यांना घाला. मिठाचं पाणी वेगळ्या बादलीत, ते झाडांना चालत नाही.

लहानग्यांसाठी

दोन-तीन वर्षांच्या मुलाला विज्ञान नको, बर्फ हवा. परातीत मोठा गोळा ठेवा, बाजूला कोमट पाण्याची वाटी आणि चमचा. एवढंच. तो ढकलेल, सटकेल, पकडेल, पाणी ओतेल. मधे “हा काय आहे? थंड आहे ना?” असं विचारत बसू नका. अर्धा तास शांतपणे खेळणारं मूल तुम्ही पुष्कळ दिवसांत पाहिलं नसेल.

पाच ते सात वर्षांच्या मुलांना खजिना आवडतो. मोठ्या डब्यात एक इंच पाणी गोठवा, त्यावर चिंचोके, गोट्या, काचेची फुटकी नसलेली बांगडी, मोगऱ्याचं फूल ठेवा, वर पाणी घालून पुन्हा गोठवा. असे तीन-चार थर. एकाच वेळी सगळं घातलं तर हलक्या वस्तू वर येतात आणि जड तळाला जातात, म्हणून थर. सकाळी गोळा उलटा करून परातीत द्या आणि सोडवायला सांगा. हत्यारं: चमचा, कोमट पाण्याची सिरिंज, मीठ. हातोडी नको, कपच्या उडतात. कुठल्या हत्याराने किती वेळ लागतो हे मुलं आपोआप ताडून बघतात. मोगऱ्याचं फूल निघालं की त्याचा वास येतो का, हे बघायला माझ्याकडे दरवर्षी रांग लागते.

चादरीची पैज

आता आपल्या गावचा खेळ. सोलापुरी चादर घरात नाही असं घर आमच्याकडे सापडणार नाही. दोन सारखे डबे घ्या, दोन्हींत सारख्या संख्येने बर्फाचे खडे टाका, झाकणं घट्ट लावा. एक डबा तसाच टेबलावर. दुसरा जाड चादरीत तीन-चार वेटोळे घालून गुंडाळायचा. आणि विचारायचं: कुठल्या डब्यातला बर्फ आधी वितळेल?

जवळपास सगळी मुलं चादरीवर बोट ठेवतात. गेल्या वर्षी तिसरीतला एक मुलगा तर चिडलाच माझ्यावर. “मावशी, चादरीत गुंडाळलं तर गरम होतंय की! घाम येऊन वितळंल ते.” त्याचं बरोबर होतं त्याच्या अनुभवापुरतं. त्याने थंडीत चादर पांघरली आहे आणि त्याला ऊब आली आहे. चादर गरम असते, हे त्याने अंगाने शिकलेलं आहे.

तासभर थांबायचं. इथे मी एकदा चूक केली: मुलं दर पाच मिनिटांनी “बघू, बघू” करायला लागली आणि मी चादर उलगडू दिली. दर वेळी गरम हवा आत गेली आणि दोन्ही डब्यांत फारसा फरकच पडला नाही. तेव्हा हे पक्कं: चादर तासाने एकदाच उघडायची. मधल्या वेळात दुसरे खेळ घ्या.

तासानंतर दोन्ही डब्यांतलं पाणी औषधाच्या झाकणाने मोजून वेगवेगळ्या पेल्यांत ओता. उघड्या डब्यात अर्ध्याहून जास्त पाणी असतं, चादरीतल्या डब्याच्या तळाशी जेमतेम दोन-चार चमचे. पोरं गप्प होतात. मग एकदम सगळी बोलायला लागतात.

इथेही लगेच सांगू नका. विचारा, “चादर गरम असते ना? मग?” आमच्याकडे निम्म्या मुलांच्या घरी माग आहेत. एकाने चादर उजेडात धरली आणि म्हणाला, ह्यात सूत कमी आणि भोकं जास्त आहेत. भोकांत काय आहे? हवा. ती हवा चादरीत अडकून पडते, हलत नाही, आणि अडकलेली हवा उष्णता फार सावकाश पुढे जाऊ देते. थंडीत आपल्या अंगाची उष्णता ती बाहेर जाऊ देत नाही. उन्हाळ्यात बाहेरची उष्णता बर्फापर्यंत येऊ देत नाही. चादर स्वतः गरमही नाही आणि थंडही. ती फक्त अडवते. तो चिडलेला मुलगा बराच वेळ चादरीवर हात फिरवत बसला आणि मग त्याने विचारलं, “म्हणजे चादरीत ऊब आपलीच असती व्हय?” माझ्या सगळ्या खेळांत मला हा प्रश्न सगळ्यात जास्त आवडतो.

डब्याचं झाकण घट्ट हवं, कारण चादर ओली झाली की भोकांत हवेऐवजी पाणी शिरतं आणि अडवण्याची ताकद कमी होते. पुढच्या फेरीत मुलांना स्वतःचं गुंडाळण शोधू द्या: टर्किश टॉवेल, वर्तमानपत्र, गोणपाट, सुताराकडचा लाकडाचा भुसा, ज्वारीचा कडबा, थर्माकोल. सगळ्यांचे डबे सारखे, बर्फ सारखा, वेळ सारखी. बदल एकाच गोष्टीत. हे “सारखं ठेवणं” मुलांच्या अंगात मुरलं तर पुढे शाळेतला प्रयोग त्यांना परका वाटत नाही.

भुशाचा विषय निघाला की मी एक खरी गोष्ट सांगते. १८३३ साली अमेरिकेतल्या बॉस्टन बंदरातून ‘टस्कनी’ नावाचं जहाज तळ्यातला १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं. वाटेत विषुववृत्त दोनदा ओलांडलं, प्रवासाला चार महिने लागले. विजेचा पत्ता नव्हता. तरी कलकत्त्यात सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता, कारण तो भुसा-गवताच्या थरांत दाबून भरला होता. गोष्ट ऐकली की मुलं आपला भुशातला डबा पुन्हा एकदा बघायला जातात.

तवा, पोळपाट आणि पंखा

लोखंडी तवा आणि लाकडी पोळपाट तासभर एकाच खोलीत शेजारी ठेवा. मुलांना दोन्हींवर तळहात टेकवायला सांगा, सकाळच्या वेळी. तवा गार लागतो, पोळपाट नाही. मग दोन्हींवर एकेक सारखा खडा ठेवायचा. बर्फ कुठे जास्त टिकेल? अर्थात गार तव्यावर, असं सगळे लिहितात. तव्यावरचा खडा बघता बघता विरतो, पोळपाटावरचा आरामात बसलेला असतो. दोन्हींचं तापमान खरं तर खोलीएवढंच. तवा आपल्या हाताची उष्णता भराभर ओढून घेतो म्हणून गार वाटतो, आणि तशीच भराभर आपली उष्णता बर्फाला देतो. हा खेळ पाच मिनिटांत होतो, म्हणून चादरीच्या मधल्या वेळेला अगदी योग्य. भर उन्हाळ्याच्या दुपारी मात्र खोलीच अंगापेक्षा गरम असते, तेव्हा तवा गार लागत नाही. सकाळीच करा.

पंख्याचा खेळ तसाच. एक खडा पंख्याच्या वाऱ्यात, एक आडोशाला. “पंख्यात गार वाटतं, म्हणजे बर्फ टिकेल.” टिकत नाही. आपल्याला गार वाटतं ते घाम सुकतो म्हणून. पंखा बर्फाजवळ सतत ताजी गरम हवा आणून लावतो.

मिठाचे खेळ

मोठा गोळा परातीत ठेवा, वर चार-पाच ठिकाणी खडेमिठाचे ढीग करा आणि दहा मिनिटं सोडून द्या. मग सिरिंजने बीटाचं लाल पाणी आणि हळदीचं पाणी त्या जागांवर थेंब थेंब सोडा. मिठाने बर्फात बोगदे पाडलेले असतात आणि रंग त्यांतून खाली उतरत जातो. खालून मोबाइलचा दिवा लावला तर मुलं बोलायचीही विसरतात. हळदीचे डाग निघत नाहीत, जुने कपडे घाला.

दोऱ्याची जादू: गार पाण्याच्या वाटीत खडा तरंगत ठेवा, ओला सुती दोरा त्यावर आडवा टाका. हात न लावता, गाठ न मारता खडा उचलायचा. मुलांना आधी प्रयत्न करू द्या, दोरा निसटत राहतो. मग दोऱ्यावर चिमूटभर मीठ भुरभुरा, एक मिनिट थांबा आणि हळूच उचला. खडा दोऱ्याला चिकटून वर येतो. मिठाने वरचा थर वितळतो, वितळायला लागणारी उष्णता बर्फाकडूनच घेतली जाते, भोवतालचं पाणी आणखी गार होतं आणि मीठ कमी आहे तिथे पुन्हा गोठून दोऱ्याला पकडतं. मीठ जास्त झालं तर फसतं. खडा फ्रीझरमधून नुकता काढलेला हवा, आपल्या उकाड्यात दोन मिनिटं इकडेतिकडे झाली की जमत नाही. पहिल्यांदा फसला तर लगेच नव्या खड्याने करा.

आता मुलांना पक्कं वाटू लागतं की मीठ म्हणजे बर्फ वितळवणारं. तेव्हाच चौथी पैज लावा. दोन सारखे पारदर्शक पेले, दोन्हींत त्याच माठातलं सारखं पाणी. एकात तीन-चार चमचे मीठ घालून पूर्ण विरघळवा आणि पाचेक मिनिटं शांत होऊ द्या. बीटाच्या पाण्याचे दोन सारखे रंगीत खडे एकाच वेळी दोन्हींत सोडा, ढवळू नका. कुठला आधी वितळेल?

सगळ्यांचं बोट खारट पाण्याकडे. आणि वितळतो आधी साध्या पाण्यातला.

याचं उत्तर मी तोंडाने सांगितलेलंच नाही कधी, कारण पेल्यात ते डोळ्यांना दिसतं. साध्या पाण्यात खड्याखालून लाल धागे सुटतात, वळत वळत तळाशी जातात: वितळलेलं गार पाणी जड, ते खाली बसतं आणि त्याच्या जागी वरचं कोमट पाणी खड्याकडे येत राहतं. खारट पाण्याच्या पेल्यात लाल रंग वरच तरंगत राहतो. खारट पाणी जड असल्याने वितळलेलं गोडं पाणी त्यात बुडतच नाही, खड्याभोवती गार चादरीसारखं पसरून राहतं. “चादरीसारखं” हा शब्दही माझा नाही, पाचवीतल्या एका मुलीचा आहे. मी फक्त वहीत लिहून घेतला.

हा खेळ पांढऱ्या भिंतीसमोर, पेल्यांमागे कागद लावून करा. मुलांची डोकी पेल्याच्या उंचीला येतील असं बसवा. उभ्याने वरून बघितलं तर सगळी मजा जाते.

तेलातला खडा

शेंगदाण्याचं किंवा करडईचं तेल अरुंद काचेच्या पेल्यात ओता, पाऊण पेला पुरे. रंगीत खडा सोडा. बर्फ आणि खाद्यतेल यांची घनता जवळपास सारखी, पाण्याच्या नव्वद-ब्याण्णव टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे खडा धड तरंगत नाही, धड बुडत नाही. थोड्या वेळाने त्याच्या तळाशी रंगीत थेंब फुगतो, लोंबतो, सुटतो आणि गोल मोत्यासारखा हळूहळू खाली जातो. मुलं थेंब मोजत बसतात. तेल फेकू नका, पाणी तळाशी बसलं की वरचं तेल देवघरातल्या दिव्याला वापरा. तळणाला मात्र नको, पाण्याचा अंश राहिला तर कढईत तडतडून अंगावर उडतं.

काठोकाठ भरलेल्या पेल्यात बर्फ तरंगत असेल तर वितळल्यावर पाणी सांडेल का, हीही पैज याच वेळी लावून टाका. सांडत नाही. बुडालेल्या भागाएवढीच जागा वितळलेल्या पाण्याला पुरते.

शेवटी आईस्क्रीम

सगळ्यांनी वाट बघितलेला खेळ. आपल्या लहानपणी लग्नाकार्यात लाकडी बादलीतलं पॉट आईस्क्रीम फिरवायला पोरांची झुंबड उडायची. तेच छोट्या प्रमाणात.

घट्ट झाकणाच्या छोट्या स्टीलच्या डब्यात आटवून गार केलेलं दूध घ्या. लिटरभर दूध अर्धं केलेलं चांगलं, साखर चवीपेक्षा थोडी जास्त, कारण गार पदार्थाची गोडी जिभेला कमी लागते. वेलची, हवा असेल तर आमरस. डबा दोन-तृतीयांशच भरा. झाकणाच्या कडेला प्लास्टिक आणि रबरबँड लावा, नाहीतर खारट पाणी आत जातं.

मोठ्या डब्यात किंवा पातेल्यात तीन भाग फोडलेला बर्फ आणि एक भाग खडेमीठ असे थर द्या, मधे छोटा डबा. भोवती चादर गुंडाळा. इथे मुलं स्वतःच चादर आणतात, सांगावं लागत नाही. मग डबा कडीला धरून डावी-उजवीकडे फिरवत राहायचा, पाळीपाळीने, प्रत्येकाचे पन्नास आकडे. दर सात-आठ मिनिटांनी झाकण पुसून उघडायचं, कडेला गोठलेला थर चमच्याने खरवडून मधे घ्यायचा. पंचवीस-तीस मिनिटांत घट्ट होतं.

नुसत्या बर्फात हे का होत नाही, ते विचारा. नुसता बर्फ शून्य अंशावर वितळतो आणि साखरेचं दूध शून्यावर गोठत नाही, त्याला त्याखाली जावं लागतं. मीठ घातलं की मिश्रण उणे दहा-पंधरा अंशांपर्यंत सहज उतरतं. अगदी नेमकं प्रमाण जमलं तर उणे २१ पर्यंत. शिवाय एक ग्रॅम बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच वितळलेलं पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापलं असतं. एवढी उष्णता तो दुधातून ओढून घेतो. मोठ्या मुलांना हा आकडा सांगा, त्यांना तो पटतो, कारण हात दुखलेले असतात.

आणखी एक करून बघा. उरलेलं बर्फ-मीठ स्टीलच्या पेल्यात भरा. ताटलीवर दोन चमचे पाणी सांडा आणि पेला त्या पाण्यावर ठेवून चमच्याने आतलं मिश्रण ढवळत राहा. चार-पाच मिनिटांनी पेला उचला, ताटली त्याच्याबरोबर उचलली जाते. खालचं पाणी गोठलेलं असतं. बाहेरून पेल्यावर पांढरं दहिवरही जमतं, पण आपल्या कोरड्या हवेत त्याला वेळ लागतो. जूनमध्ये, पहिला पाऊस होऊन गेल्यावर हाच पेला परत भरा आणि घड्याळ लावा. तेव्हा दहिवर किती लवकर येतं, ते वहीतल्या मे महिन्याच्या आकड्याशेजारी लिहून ठेवायला सांगा.

बर्फ नसेल त्या दिवशी

लाइट गेली, फ्रीज बंद, पोरं दारात. अशा वेळी दोन सारख्या बाटल्या सारख्या पाण्याने भरा. एकीला ओला टर्किश टॉवेल गुंडाळून खिडकीच्या वाऱ्यात ठेवा, दुसरी तशीच शेजारी. तासाभराने दोन्ही गालाला लावून बघायच्या. माठ आणि रांजण ज्या कारणाने गार राहतात, तेच इथे टॉवेल करतो: पाणी वाफ होऊन उडताना उष्णता घेऊन जातं. मे महिन्याच्या कोरड्या हवेत हे फार छान जमतं. मुलांना टॉवेल कोरडा होऊ द्यायचा नाही, एवढंच काम द्या. दर दहा मिनिटांनी कुणीतरी चूळभर पाणी शिंपडत राहतं आणि लाइट येईपर्यंतची दुपार निघते.

वही मात्र एकच ठेवा, सगळ्यांची मिळून. तारीख, वेळ, खोलीत पंखा होता की नाही, कोणी काय लिहून सही केली आणि काय निघालं. आमच्या वहीत एका पानावर सगळ्या सह्या चुकीच्या बाजूला आहेत, आणि खाली एका बारक्याने पेन्सिलीने लिहिलंय, “उद्या परत करू, मोठी चादर आणतो.”